विश्लेषण : नेट वापरले नाही, तरी बॅलन्स का कापला जातो?

रिचार्ज करून आठवडाही झालेला नसतो आणि खात्यातून अमुक रुपये वजा झाल्याचा संदेश येऊन धडकतो. रक्कम दहा, वीस, फार तर पन्नास रुपये. बहुतेक ग्राहक ‘कंपनीने पैसे खाल्ले’ म्हणून मोकळे होतात आणि पुन्हा रिचार्ज मारतात. पोस्टपेड ग्राहकाला हाच धक्का महिनाअखेरीस बिलातून बसतो. मधल्या काळात परदेशवारी झाली असेल, तर आकडा हजारांत जातो. अशा कपातीमागची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती शोधताही येतात. मात्र हा शोध दर वेळी ग्राहकानेच का घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

पैसे नेमके कशाचे कापले गेले?

सर्वप्रथम हे ठरवायला हवे. कारण सरसकट ‘नेटचे पैसे’ म्हटल्या जाणाऱ्या कपातीचे चार वेगवेगळे प्रकार असतात. पहिला, पॅकच्या बाहेर वापरलेल्या डेटाचे शुल्क. दुसरा, एखाद्या मूल्यवर्धित सेवेचे म्हणजे कॉलरट्यून, गेम किंवा व्हिडिओ सेवेचे वर्गणी शुल्क. तिसरा, यूपीआय ऑटोपेने परस्पर झालेले रिचार्ज. आणि चौथा, आंतरराष्ट्रीय रोमिंग.

कंपनीच्या अ‍ॅपमधील व्यवहारांची यादी उघडली, की रकमेसमोर प्रकार लिहिलेला दिसतो. दर सात किंवा तीस दिवसांनी ठरावीक रक्कम जात असेल, तर ती बहुधा वर्गणी असते. रक्कम दर वेळी वेगळी आणि पैशांत, उदाहरणार्थ ७ रुपये ५० पैसे अशी असेल, तर संशय डेटावर घ्यावा. पैसे बॅलन्सऐवजी बँक खात्यातून गेले असतील, तर यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ची यादी तपासावी आणि नको असलेली परवानगी तिथेच रद्द करावी.

पॅक चालू असताना बॅलन्समधून डेटा कसा जातो?

आज बहुतांश प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाला एक ते तीन जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो, पण पैसे कापले जात नाहीत. त्यामुळे ‘पॅक आहे म्हणजे बॅलन्स सुरक्षित’ असा समज पक्का झाला आहे. त्याला छेद देणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे दोन सिमचा फोन.

एका सिमवर दणकट पॅक आणि दुसरे केवळ बँकेच्या ओटीपीपुरते, ही मांडणी घराघरांत दिसते. पण अनेक फोनमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ नावाची सोय असते. पहिल्या सिमचे नेटवर्क कमजोर झाले, की फोन न विचारता दुसऱ्या सिमवरून डेटा घेऊ लागतो. लिफ्टमध्ये, घाटात, लोकलच्या बोगद्यात काही मिनिटे हे घडते आणि दुसऱ्या सिमवर पॅक नसल्याने दर लागतो तो मूळ दर.

हा मूळ दर किती महाग पडतो, ते साध्या हिशेबाने कळते. समजा तो एका एमबीला ५० पैसे आहे. एका जीबीत १०२४ एमबी, म्हणजे एक जीबीचे झाले ५१२ रुपये. तेवढ्याच डेटाचे जादा पॅक साधारण वीस-पंचवीस रुपयांत मिळते. म्हणजे दर सुमारे वीसपट. वीस रुपयांचा बॅलन्स ४० एमबीत संपतो आणि ४० एमबी म्हणजे मध्यम दर्जाचा व्हिडिओ जेमतेम चार-पाच मिनिटे.

वीस रुपयांचे एवढे काय?

दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’च्या २०१३च्या नियमानुसार ९० दिवस अजिबात न वापरलेले प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. मात्र खात्यात किमान वीस रुपये असतील, तर ते वळते करून क्रमांक आणखी ३० दिवस ठेवावा लागतो. म्हणजे हे वीस रुपये त्या क्रमांकाची गंगाजळी असते.

गावी राहणाऱ्या आईच्या फोनमधले दुसरे सिम डोळ्यांसमोर आणा. त्याच क्रमांकाला बँक खाते, आधार आणि गॅसची नोंदणी जोडलेली. कधीतरी दोन मिनिटे डेटा त्या सिमवर वळला आणि बॅलन्स शून्य झाला. डेटा वापरला गेल्याने सिम त्या दिवशी वापरात असल्याचे धरले जाईल, पण पुढचे ९० दिवस शांततेत गेले तर वाचवायला काही उरणार नाही. क्रमांक गेला, की ओटीपी गेला आणि मग बँकेच्या शाखेत खेटे. कपातीचा आकडा छोटा असला, तरी परिणाम छोटा असेलच असे नाही.

फोन खिशात असताना डेटा कोण वापरतो?

फोन झोपतो, अ‍ॅप झोपत नाहीत. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅप गटांतले आपोआप उतरणारे व्हिडिओ, समाजमाध्यमांवर बोट लागण्याआधीच सुरू होणारे व्हिडिओ ही नेहमीची मंडळी. शिवाय घरचे वायफाय कमजोर झाले, की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. आयफोनमध्ये ही सोय ‘वायफाय असिस्ट’ नावाने २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आली आणि सुरुवातीपासून चालू अवस्थेतच दिली गेली. त्यावरून अमेरिकेत त्याच वर्षी अ‍ॅपलविरुद्ध दावाही दाखल झाला. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मोबाइल डेटावर जा’ अशा अर्थाचा पर्याय सापडतो.

हॉटस्पॉटचा खर्चही लक्षात येत नाही. लॅपटॉपला अनेकदा तो घरच्या वायफायसारखाच वाटतो आणि रखडलेले अपडेट तो तेव्हाच उतरवून घेतो. विंडोजमध्ये त्या जोडणीसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केले, की ही गळती बरीच थांबते.

शोध कसा घ्यावा?

दोन नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतात, एक फोनची आणि दुसरी कंपनीची. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिमच्या किंवा इंटरनेटच्या पानावर ‘अ‍ॅप डेटा वापर’ दिसतो. कोणत्या अ‍ॅपने किती डेटा घेतला आणि त्यातला किती पडद्याआड घेतला, हे तिथे कळते. दोन सिम असतील तर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र पाहावा. हा हिशेब सहसा एक तारखेपासून सुरू होतो. तो रिचार्जच्या तारखेपासून सुरू करून घेतला तरच कंपनीच्या आकड्याशी तुलना करता येते. आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’च्या पानावर खाली यादी असते, पण तिथला ‘चालू कालावधी’ आपोआप बदलत नाही. दर रिचार्जला ‘आकडेवारी रीसेट’ करावी लागते. हे माहीत नसल्याने दोन वर्षांचा वापर एका महिन्याचा समजून घाबरणारेही असतात.

दुसरी नोंद कंपनीकडून मिळते. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशील मागण्याचा हक्क २०१२च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी दिला आहे आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत. तपशिलातील तारीख-वेळ आणि फोनमधील अ‍ॅपची यादी जुळवली, की चोर बहुधा सापडतो. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, थोडा फरक चालतो. पण फोन म्हणतो शून्य आणि कंपनी म्हणते ४० एमबी, असे असेल तर ती थेट तक्रारीची बाब आहे.

आज लगेच काय बंद करावे?

• ‘ऑटो डेटा स्विचिंग’ आणि वायफायवरून मोबाइल डेटावर आपोआप जाण्याचा पर्याय.
• प्ले स्टोअरमध्ये अपडेट ‘केवळ वायफायवर’, फोटोंचा बॅकअपही तसाच.
• व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये मोबाइल डेटावरील आपोआप डाउनलोड.
• परदेशी निघताना ‘डेटा रोमिंग’. विमान सुटण्यापूर्वी फ्लाइट मोड, कारण काही विमानांत स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षाही चढे असू शकतात.
• ज्या सिमवर नेट नकोच, त्या सिमवरून १९२५ या नि:शुल्क क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टॉप’ असा संदेश. ‘स्टार्ट’ पाठवल्यास डेटा पुन्हा सुरू होतो.
• नको असलेली मूल्यवर्धित सेवा थांबवण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक.

नियम काय सांगतात?

नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करता येणार नाही, असे ट्रायने २०१५ मध्ये बजावले. १९२५ हा क्रमांक त्याचाच भाग. मूल्यवर्धित सेवांसाठी २०१३ पासून दुहेरी संमती बंधनकारक आहे. म्हणजे एका चुकीच्या स्पर्शाने वर्गणी सुरू होऊ नये, ग्राहकाला दुसऱ्यांदा विचारले जावे. डिसेंबर २०२४ मध्ये तर ज्यांना नेट नकोच, त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक करण्यात आले.

तक्रारीची वाटही आखून दिलेली आहे. १९८ वर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. अपिलाला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार ग्राहक थेट ग्राहक आयोगातही जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत तिथे शुल्क लागत नाही.

मग घोडे अडते कुठे?

वीस रुपयांसाठी कोण अपिलात जाणार, इथेच. एका ग्राहकाचे वीस रुपये म्हणजे क्षुल्लक बाब, पण हीच कपात लाखो खात्यांत होते तेव्हा ती क्षुल्लक राहत नाही. भरपाई मागण्याचा खर्च भरपाईपेक्षा जास्त असेल, तर हक्क कागदावरच राहतो. त्यामुळे तक्रारीची व्यवस्था सुधारण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, कपात मुळातच होऊ न देणे महत्त्वाचे.

त्यासाठी फार मोठ्या तंत्रज्ञानाची गरज नाही. सिमवर डेटा पॅक नसेल तर बॅलन्सला हात न लावता डेटा थांबवावा आणि ‘मूळ दराने सुरू करायचे का?’ असे एकदा विचारावे. हे कुलूप सर्व कंपन्यांत, सर्व सिमवर पहिल्या दिवसापासून लावलेले असावे. आज १९२५ वर ‘स्टॉप’ पाठवण्याचा मार्ग आहे, पण तो माहीत असलेल्यालाच उपयोगी. शिवाय त्याने डेटा पूर्ण बंद होतो. पॅक घेतले की नेट चालू, पॅक संपले की बंद, एवढी साधी अपेक्षा त्यात बसत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. रस्त्यात असताना पॅक संपले आणि रिक्षाचे पैसे यूपीआयने द्यायचे असतील, तर डेटा थांबल्याने अडचण होईल. आक्षेप रास्त आहे. पण दैनिक कोटा संपल्यावर वेग कमी करून सेवा चालू ठेवणे कंपन्यांना आजही जमते. पॅक संपल्यावर तोच मंद वेग काही तास दिला, तर पैसेही भरता येतील आणि पॅकही घेता येईल.

फोन बनवणाऱ्यांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. दुसऱ्या सिमवर जाण्यापूर्वी एक प्रश्न पडद्यावर यावा. आणि कपातीचा संदेश ग्राहकाच्या भाषेत यावा, ज्यात किती डेटा, किती वाजता, कोणत्या दराने एवढे तरी लिहिलेले असेल. मिस्ड कॉलच्या आणि ऑफरच्या संदेशांच्या ढिगात हरवलेली इंग्रजी ओळ वाचून गावातल्या आजीने सेटिंग बदलावे, ही अपेक्षा बरोबर नाही. संमतीचे तत्त्व ट्रायने दहा वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. ते बॅलन्समधल्या शेवटच्या वीस रुपयांनाही लागू करण्याचा आदेश काढणे आता त्याच ट्रायच्या हातात आहे.