पिकाबरोबर माणसाचीही विचारपूस
मार्गशीर्ष-पौषात दिवस लहान होतो. रब्बीचे काम मात्र सरत नाही. जेथे कृषिपंपांना वीज रात्री मिळते, तेथे कडाक्याच्या थंडीत दारे धरण्याचे काम बहुधा पुरुषाकडेच येते. अपुरी झोप, एकटेपणा आणि कर्जाची विवंचना एकत्र आली की मन खचते. तो मात्र ‘थकलो आहे’ एवढेच सांगतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने पिकावरील रोगाबरोबर शेतकऱ्याची झोप व भूक यांचीही चौकशी करावी. उत्तर चिंताजनक वाटल्यास उपदेश न करता ऐकून घ्यावे आणि २०२२ पासून अहोरात्र चालणाऱ्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक तेथेच लावून द्यावा. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही शेजाऱ्याला रात्रीच्या पाण्याला सोबत करावी. ओलिताइतकीच ती गरजेची आहे.