वाळूची वाट

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या पाहुण्याला भरलेली पुळण दिसते. ती नुकतीच परतली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा आडवा उंचवटा रचतात. पुढच्या लाटा त्यावरच फुटू लागतात आणि काठावरचा मार कमी होतो. पाऊस सरला, की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. किनारा असा स्वतःला राखतो. त्याला फक्त मागेपुढे सरकायला जागा लागते. ही जागा झपाट्याने संपत चालली आहे, म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही किनाऱ्याला दिला आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या बदलांचा अभ्यास केला, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले.

या झिजेत समुद्राचा वाटा किती आणि आपला किती, हे पुदुच्चेरीला जाऊन पाहावे. पूर्व किनाऱ्यावर वर्षाचे बहुतेक महिने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत असते. १९८० च्या दशकात तिथे बंदरासाठी समुद्रात लाटारोधक भिंती घातल्या आणि ही वाट अडली. भिंतींच्या दक्षिणेला वाळू साचत गेली. उत्तरेला, खुद्द शहरासमोर, होती ती वाळू वाहून गेली आणि नवी येईना. मग शहर वाचवायला काठाने मोठमोठे दगड रचले. शहर वाचले, पुळण गेली. आणि धूप थांबली नाहीच, ती दगड संपले तिथून पुढे, उत्तरेकडच्या मच्छीमारांच्या गावांत शिरली. त्यांनीही दगड मागितले, आणि मागणारच, कारण लाट घराच्या ओट्याला लागलेली असताना कुणी वाळूचे शास्त्र ऐकत बसत नाही. त्यांच्या मागणीला चूक म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

चेन्नईत हे शंभर वर्षे आधीच घडून गेले होते. बंदर बांधल्यावर दक्षिणेला वाळू साठून आजची रुंद मरीना पुळण झाली आणि उत्तरेला रायपुरमचा किनारा खचला. हे ठाऊक असूनही पुदुच्चेरीत तेच घडू दिले, याचे आम्हाला अतिशय वाईट वाटते.

उतरत्या पुळणीवर चढताना लाट दमते, तिचे पाणी वाळूत जिरते. उभ्या बंधाऱ्यावर आदळलेली लाट बऱ्याच जोराने मागे फिरते आणि बंधाऱ्याच्या पायाची वाळू उकरून नेते. पाया उघडा पडला, की दगड ढासळतात, वर नवा थर टाकावा लागतो. बंधारा मागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही. पुदुच्चेरीने २०१८ मध्ये वेगळा उपाय केला: राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आखलेला पोलादी कृत्रिम बांध पाण्याखाली बसवला, जोडीला वाळूचा भराव घातला. शहरासमोर काही भागात पुन्हा वाळू दिसू लागली. पण वाळूची वाट अडलेली आहे तोवर हा उपाय एकदाच करून भागणारा नाही.

आपल्या कोकणातल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरी टोकांच्या मध्ये वसलेल्या, त्यामुळे त्यांच्याकडे वाळू मोजकीच. नदी-खाडीतून उपसलेली वाळू म्हणजे या पुळणींच्या वाट्यातून गेलेली वाळू. देवबागसारख्या, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी असलेल्या चिंचोळ्या गावाला तर मागे सरायलाही जागा नाही. तिथे बंधारा लागणारच. पण मागे माळरान किंवा सुरूचे बन असलेल्या किनाऱ्यावरही धूपप्रतिबंधक बंधारेच मंजूर होतात, त्याला आमचा विरोध आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा नियम होता. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी तो ५० मीटरवर आणला. आज तिथे उभे राहणारे प्रत्येक बांधकाम उद्या बंधारा मागणार आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. देवळाची पायरी किंवा विहिरीचा कठडा अशी एक पक्की खूण धरून पुळणीची रुंदी मे महिन्यात आणि दिवाळीत, ओहोटीच्या त्याच वेळेला मोजा आणि वहीत लिहून ठेवा. गावात जेटी किंवा बंधाऱ्याचा प्रस्ताव आला, तर ती वही घेऊन ग्रामसभेला जा आणि वाळू कुठून येते, कुठे जाते, याचा अभ्यास झाला आहे का, हे विचारा. नोंदी आमच्याकडेही पाठवा, पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.