विश्लेषण : जड ट्रेलर ओढताना डिझेल पिकअपचा गिअरबॉक्स का तापतो?

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की अमेरिकेच्या महामार्गांवर डिझेल पिकअप आणि त्यांच्या मागे जोडलेल्या ट्रेलरची रीघ लागते. कोणाच्या ट्रेलरवर बोट असते, कोणाच्या ट्रेलरमध्ये घोडे, तर कोणाचा ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घरच. ‘हॉटशॉट’ म्हणून ओळखले जाणारे छोटे मालवाहतूकदार तर वर्षभर याच गाड्यांवर पोट भरतात. आपली गाडी किती वजन ओढते, हा आकडा यातल्या बहुतेकांना पाठ असतो. लांब चढावर गिअरबॉक्समधले तेल किती तापले, याकडे मात्र लक्ष जाते ते डॅशबोर्डवर इशारा झळकल्यावर. तोपर्यंत नुकसानीला सुरुवात झालेली असू शकते.

उष्णता नेमकी कुठून येते?

या गाड्यांमध्ये प्रामुख्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांसमोर आणावेत. एक पंखा चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असते. इंजिनकडचा भाग तेल फेकतो आणि त्या झोताने गिअरकडचा भाग फिरतो. दोघांच्या वेगात जो फरक राहतो, त्याला घसर म्हणतात. या घसरीत वाया गेलेली ताकद तेलाच्या उष्णतेत बदलते.

गाडीने वेग घेतल्यावर कन्व्हर्टरमधला ‘लॉक-अप क्लच’ हे दोन्ही भाग एकमेकांना घट्ट जोडतो. घसर थांबते आणि तिथली उष्णताही जवळजवळ थांबते. गिअरबॉक्स थंड ठेवण्याचे निम्मे गणित या लॉकवरच अवलंबून आहे.

ही उष्णता किती असते?

पिकअप आणि ट्रेलर मिळून १० टन वजन आहे असे धरू. सहा टक्क्यांचा चढ ताशी ७० किलोमीटर वेगाने चढायचा, तर केवळ चढासाठी सुमारे ११५ किलोवॅट ताकद लागते. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वेगळाच. लॉक सुटलेला असेल आणि कन्व्हर्टरमध्ये १० टक्के घसर असेल, तर साडेअकरा किलोवॅट उष्णता थेट तेलात जाते. घरातले दोन किलोवॅटचे पाच-सहा गीझर एकाच वेळी चालू ठेवण्यासारखे हे आहे. आणि हे सारे गिअरबॉक्सच्या काही लिटर तेलात.

धोक्याची पातळी कोणती?

अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. ढोबळमानाने ८० ते १०० अंश सेल्सिअस हे रोजचे तापमान असते. ओझे घेऊन चढ चढताना ते ११० अंशांपर्यंत गेले तर नवल नाही. १२० च्या पुढे जाऊन तिथेच राहू लागले, तर मात्र वेग आणि भार कमी करण्याची वेळ आलेली असते. तेल अति तापले की त्याचे ऑक्सिडेशन होते, आतल्या भागांवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या घसरू लागतात. चकत्या घसरल्या की आणखी उष्णता तयार होते. म्हणजे बिघाड स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

मेकॅनिकांचा एक जुना आडाखा आहे : ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. आजची सिंथेटिक तेले यापेक्षा बरीच सोशीक आहेत. तरी आडाख्यामागचे तत्त्व बदललेले नाही. उष्णतेचा हिशेब साचत जातो. एका चढावर काही बिघडत नाही, म्हणून तोच चढ शंभरदा तसाच चढला जातो. नंतर गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आली, की खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. हॉटशॉटवाल्याचा तर तेवढे दिवस धंदाही बंद.

डिझेलची ताकदच अडचणीची कशी?

आजच्या डिझेल पिकअपची ताकद थक्क करणारी आहे. फोर्डच्या २०२३ च्या सुपर ड्यूटीतील सर्वांत शक्तिशाली डिझेल इंजिनाचा टॉर्क १,६२७ न्यूटन-मीटर आहे. एवढा जोर कमी आरपीएमवरच मिळू लागल्याने चालकाला वरचा गिअर सोडावासा वाटत नाही. इंजिन शांत, गाडीही ओढते आहे, मग गिअर कशाला उतरवायचा?

इथेच चूक होते. कमी आरपीएमवर जास्त भार पडला की लॉक सुटण्याची शक्यता वाढते. शिवाय गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावरच फिरतो. आरपीएम कमी असले की तेलाचा प्रवाह मंदावतो. इंजिनावर फिरणारा पंखाही हळू चालतो. उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकण्याची सोय नेमकी त्याच वेळी दुबळी होते.

चालकाच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, ‘टो-हॉल’ मोड चढ लागण्याआधीच चालू करणे. या मोडमध्ये गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये जायची घाई करत नाही, लॉक सहसा लवकर लावतो आणि उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाचा ब्रेक वापरतो.

दुसरी, लॉक टिकेल असा गिअर निवडणे. तो टिकला आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर वेग तोच राहिला आणि आरपीएम मात्र वर गेले, तर लॉक सुटलेला आहे. गिअर खालीवर होत राहिला, तरी तो हाताने एका जागी धरणे बरे.

तिसरी, आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याच्या गतीकडे पाहणे. तापमान १०५ वर स्थिर असेल तर काळजी नाही. पाच मिनिटांत ९० वरून १०५ वर गेले असेल आणि चढ अजून बराच उरला असेल, तर आताच वेग कमी केलेला बरा.

चौथी, थांबावे लागले तर सुरक्षित जागी हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिन चालू ठेवणे आणि आरपीएम किंचित वाढवणे. इंजिन बंद केले की तेलाचे फिरणेच थांबते. ‘ड्राइव्ह’मध्ये ब्रेक दाबून उभे राहिले, तर कन्व्हर्टर तेल घुसळतच राहतो.

सर्वांत फसवे काम म्हणजे चढावर ट्रेलर मागे घेणे. वेग जवळजवळ शून्य, जोर पूर्ण आणि लॉक नाही. दोन-चार मिनिटांत काटा झपाट्याने चढतो. माती किंवा खडीच्या जागेवर सरळ मागे जायचे असेल, तर फोर-व्हील ड्राइव्हची ‘लो’ रेंज कामी येते. कोरड्या डांबरावर वळताना मात्र ती वापरू नये.

जादा कूलर बसवला की काम झाले?

कूलरचा उपयोग होतो, पण तो उष्णता बाहेर टाकतो. तिची निर्मिती थांबवत नाही. पुढच्या जाळीत अडकलेले कीटक आणि धूळ यांमुळे चांगला कूलरही निकामी ठरतो. उंचीचाही प्रश्न असतो. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा कमी उष्णता वाहून नेते. ठरावीक मुदतीत तेल बदलणे आणि ते काळपट झाले, त्याला जळका वास आला तर लगेच तपासणी करणे, हे कूलरइतकेच महत्त्वाचे.

कंपनीचा आकडा काय सांगतो, काय लपवतो?

पूर्वी ओढण्याची क्षमता प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवत असे. ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे२८०७’ हे मानक आणले आणि टोयोटाने ते सर्वांआधी स्वीकारले. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस डॅम चढावर बेतलेली आहे : सुमारे १८ किलोमीटर लांबी, ९०० मीटरच्या आसपास चढाई, किमान ३८ अंशांचे ऊन आणि एसी पूर्ण चालू. कॅलिफोर्नियातील काही लांब चढांवर ‘एसी बंद ठेवा’ अशा पाट्या दिसतात. त्या पार्श्वभूमीवर ही परीक्षा कडकच म्हणावी लागेल.

तरीही ती नव्या गाडीने, नव्या तेलाने दिलेली परीक्षा आहे. सहा वर्षे जुनी गाडी, न बदललेले तेल आणि धुळीने भरलेली जाळी यांची हमी त्यात नाही. जाहिरातीत वजनाचा आकडा ठळक असतो. तापमानाचा आकडा अनेक गाड्यांत स्क्रीनच्या मेन्यूत शोधावा लागतो. टो-हॉल चालू करताच तो आपोआप समोर यावा, एवढी अपेक्षा ग्राहकांनी ठेवणे वाजवी आहे.

महाराष्ट्रातल्या घाटांत याचा संबंध काय?

आपल्याकडे पिकअपमागे घर ओढणारे विरळाच. मात्र टॉर्क कन्व्हर्टरच्या डिझेल गाड्या आता सर्रास दिसतात. फॉर्च्युनर, हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या इथे विकल्या गेल्या आहेत. सात माणसे, टपावर सामान आणि बोरघाटात किंवा कसाऱ्यात अडकलेली वाहतूक, म्हणजे कन्व्हर्टरसाठी तोच कमी वेगाचा, बिनलॉकचा चढ. अशा वेळी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची अनेकांची सवय तेल तापवते. थांबताना ब्रेक लावावा, खोळंबा लांबला तर न्यूट्रलमध्ये यावे. उतरताना मात्र उलट : गाडी न्यूट्रलमध्ये कधीच सोडू नये, खालचा गिअर धरावा. चढताना गिअरबॉक्स वाचवणारा खालचा गिअरच उतरताना ब्रेक वाचवतो, आणि ब्रेक गेल्यावर प्रश्न दुरुस्तीच्या बिलाचा राहत नाही, गाडीतल्या माणसांच्या जिवाचा होतो.