नफा खाजगी, झीज सार्वजनिक

गोव्यात २०१२ च्या खाणबंदीपूर्वी कुडचडे-सावर्डे भागात खनिजाचे ट्रक भर लोकवस्तीतून धावत. नफा खाणमालकांचा, धूळ रहिवाशांची! आजही गावोगावी अवजड वाहतुकीचे गणित हेच आहे. आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. २०१८ साली केंद्राने चार टायरांच्या आसाची भारमर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली. दुरुस्तीचा बोजा मात्र करदात्यांच्याच माथी राहिला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ अन्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी शासनाला अशी वाहतूक रोखता येते. निवासी रस्त्यांपुरती ही बंदी कार्यकर्त्यांनी संघटितपणे मागावी, आणि बाह्यवळण रस्त्याचा खर्च नफा घेणाऱ्यांकडून वसूल करावयास लावावा. रोष चालकावर नको. तोही श्रमिकच आहे.