धावणाऱ्याच्या ताटातला भात

दिवाळी सरली की नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती आणि पाम बीच मार्गावर भल्या पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन खुणावत असते. हल्ली या मंडळींत एक सल्ला फार ठामपणे दिला जातो: भात-भाकरी बंद करा, उपाशीपोटी धावा, शरीर आपोआप चरबीवर चालायला शिकेल. लांब पल्ल्याच्या तयारीत हा सल्ला चुकीचा आहे आणि अपायकारकही.

पूर्वपक्षाचं म्हणणं आधी नीट ऐकू. शरीरातला कार्ब्जचा साठा लहान असतो आणि सडपातळ माणसाकडेही चरबी भरपूर असते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला भात आणि साखर जास्तच होते, आणि मधुमेह तर घरोघरी आहे. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण तेवढीच ऊर्जा चरबीतून मिळवायला प्राणवायू जास्त लागतो. ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंनी तीन आठवडे कसून सराव केला. कार्ब्ज जवळजवळ सोडलेल्या गटाचं शरीर चरबी खरोखरच जास्त जाळू लागलं. मात्र त्याच वेगासाठी त्यांना प्राणवायूही जास्त लागू लागला. भरपूर कार्ब्ज खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, या गटाची सुधारली नाही.

आता मॅरेथॉनचा हिशेब पाहा. ६० किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी साधारण २५०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कार्ब्जचा, साठा पूर्ण भरलेला असला तरी तो सुमारे २००० कॅलरींचा. अर्धवट भरलेल्या साठ्यावर निघालेल्याचे पाय परतीच्या पेडर रोडच्या चढावर जड होतात, याचं नवल वाटायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं, की अंतर वाढलं की भात-भाकरीही वाढली पाहिजे. रोज एक ते तीन तास कसून सराव करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे ६ ते १० ग्रॅम कार्ब्ज लागतात. म्हणजे ६० किलोला दिवसाला किमान ३६० ग्रॅम. एका मध्यम भाकरीतून किंवा वाटीभर भातातून सुमारे ४० ग्रॅम मिळतात, केळ्यातून २५. दोन फुलके आणि सॅलडवर हे भागत नाही. केनियाच्या नामवंत धावपटूंच्या आहाराची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत त्यांची तीन चतुर्थांश ऊर्जा कार्ब्जमधूनच येत होती; मक्याच्या पिठाची उगाळी हे त्यांचं मुख्य अन्न. आपल्याला तर दूर पाहायचीही गरज नाही. सिडकोची नवी मुंबई उभी राहण्याआधी इथे भातखाचरं आणि मिठागरं होती, आणि नेरूळ, सारसोळे, करावे गावांतली आगरी-कोळी माणसं तांदळाची भाकरी, भात आणि मासळीवर दिवसभराचे कष्ट उपसत होती. प्रथिनांची सोय त्या मासळीत आहे, तशी डाळ-उसळीत, अंड्यांत, दह्यातही आहे.

एनर्जी जेलशिवाय धावताच येत नाही, हेही पटण्यासारखं नाही. लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पुरतात. एका जेलमध्ये असतात तेवढे केळ्यातही असतात, शिवाय खजूर आणि गूळ आहेतच. शर्यतीत जेल खिशात बाळगायला सोयीचं, एवढं मान्य. पण ते सरावात पोटाला मानवलंय ना, हे आधी पाहा. आपल्या दमट हवेत लिंबू, मीठ, साखरेचं पाणी मोलाचं आहे.

स्त्रियांबाबत मला जास्त काळजी वाटते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात जेवण तोडून अंतर वाढवलं, तर पाळी अनियमित होऊ शकते आणि हाडं कमकुवत होऊ शकतात. पाळी चुकणं ही फिटनेसची खूण नव्हे. अशा वेळी धावणं कमी करून डॉक्टरांकडे जायला हवं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही आहारातले बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

एक विनंती. शनिवारचा उपास असेल, तर रविवारची लांब धाव मंगळवारवर ढकला. ते जमणार नसेल, तर शनिवारी रात्री उपास सोडताना वरण-भात पोटभर जेवा आणि पहाटे निघण्यापूर्वी एक केळं खा.