सिरोंचाची शांतता

सिरोंचाला चार दिवस राहून आलेला पाहुणा परतल्यावर त्या गावाची स्तुती करताना थकत नाही. प्राणहितेचा विस्तीर्ण काठ, ब्रिटिश अमदानीतले विश्रामगृह, वडधम परिसरातील कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म, एकाच बाजारात तेलुगू, मराठी आणि माडिया बोलणारी माणसे. तालुक्याचे ठाणे होऊनही गावपण न गमावलेले स्थळ, असा त्याचा अभिप्राय असतो. तो खोटा नाही. मात्र ही शांतता निसर्गाने दिलेली आहे, हा समज तपासून घ्यावा लागेल.

१८६० साली निजामाकडून मिळालेल्या मुलुखाचा इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा बनवला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे झाले. यामागे वनश्रीचे प्रेम नव्हते. मध्य प्रांतातील कापूस गोदावरीमार्गे नावांतून पूर्व किनाऱ्यावर उतरवण्याचा त्यांचा बेत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली तेव्हा त्याला जोर चढला. पुढे १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली आणि नदीवर पैसा ओतण्याचे प्रयोजन संपले. १८७१ साली काम थांबले. १८७४ साली जिल्हाच मोडून सिरोंचाचा भाग चांद्याला जोडण्यात आला. भांडवलाची गरज सरली, तेव्हा सिरोंचाला ‘निवांतपणा’ लाभला!

त्यानंतर नदीकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले ते शेजारच्या राज्याचे. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातील मेडिगड्डा बंधारा २०१९ साली कार्यान्वित झाला. त्याचे एक टोक सिरोंचा तालुक्यात टेकलेले आहे. सिंचनाचा मुख्य लाभ पलीकडे, आणि फुगवट्याचे पाणी मात्र अलीकडच्या शेतांत. बाधित शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले, तेव्हा अभियंत्यांच्या चुकीची चर्चा देशभर झाली. या शेतकऱ्यांची फारशी झाली नाही.

राहणाऱ्याचा हिशेब पाहुण्याहून वेगळा असतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी सिरोंचापासून जिल्ह्याचे ठाणे २०० किलोमीटरांहून दूरच राहिले. आलापल्लीपर्यंतचे सुमारे १०० किलोमीटर जंगलातून, आणि रस्त्याची दुर्दशा तर प्रसिद्धच आहे. साध्या कागदासाठी गेलेल्या शेतमजुराची मजुरी बुडते, वर मुक्कामाचा खर्च पडतो. नद्यांवर पूल झाल्यापासून गंभीर आजारी माणसाला घेऊन नातलग मंचेरियाल वा वरंगळची वाट धरतात. सोयरीक तिकडे, बाजार तिकडे, आता दवाखानाही तिकडेच. महाराष्ट्राच्या नागरिकाने आपल्याच सरकारकडे पाठ करून जगावे, इतके हे अंतर वाढले आहे.

स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. परंतु अहेरीही सिरोंचाहून १०० किलोमीटर आहे. तेव्हा निर्णयाचे अधिकार असलेले अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले, डॉक्टर खरोखर हजर राहणारे रुग्णालय सिरोंचातच हवे, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हानिर्मितीची वाट न पाहता आधी मांडावी.