पदक एकटे पुरेसे नाही



‘बारामती-इंदापूरच्या घरांतील बर्मा स्टार म्हणजे पणजोबा पायदळातच असणार’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान मला मान्य नाही. ब्रह्मदेश मोहिमेचे हे पदक बंगालच्या उपसागरात सेवा केलेल्या नौसैनिकांनाही मिळाले. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही अनेक पटींनी वाढली आणि भरती किनारपट्टीपुरती उरली नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ या तिच्या छोट्या जहाजाने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली, त्यातले एक बुडाले. पणजोबा नौदलातही असू शकतात, म्हणून पदकाच्या मागील बाजूस नाव व क्रमांक आहे का पाहावे, सेवापुस्तिका शोधावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. युद्धात मृत्यू आला असल्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंद तपासावी. पुराव्याशिवाय पणजोबांचे दल ठरवणे त्यांच्यावर अन्याय आहे.

– एक वाचक, इंदापूर